घड्याळाचा हात

त्या म्हाताऱ्या जोडप्याला नदीकडे जायचं होतं, एवढंच. शुक्रवारी सकाळी साडेसातला मी आमच्या लॅबच्या कोपऱ्यावर बसमधून उतरलो, एका हातात कॉफी, आणि या बाईनं मला विचारलं, "अहो, नदी कुठल्या बाजूला हो?" केंब्रिजमध्ये जन्म गेला माझा, सव्वीस वर्षं याच कोपऱ्यावर उतरतोय. मी घड्याळाचा हात लांब केला आणि ऐटीत म्हणालो, "डावीकडे. नाकासमोर सरळ जा." बाई चालायला लागली. नवरा जागचा हलेना. त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं, आणि बायकोला हाक मारली, "अगं थांब. हा गृहस्थ सांगतोय डावीकडे आणि दाखवतोय उजवीकडे. विश्वास कशावर ठेवायचा, तोंडावर की हातावर?" बाई म्हणाली, "हातावर. तोंडाचं काय, तुझंही चालूच असतं." आणि ती दोघं नदीकडे गेली. नदी तिथेच होती, हात बरोबर होता. मी मात्र तो हात तसाच लांब करून उभा राहिलो. एक सायकलवाला मला वळसा घालून शिव्या देत गेला. घड्याळ उजव्या हातात होतं.

आता हे सांगायलाच हवं, कारण त्या दिवसापर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मला डावं-उजवं कळत नाही. म्हणजे विचार करून कळतं, जसं नऊ सत्ते त्रेसष्ट विचार करून कळतं, पण आपोआप येत नाही. शाळेत सिस्टर पर्पेतुआनं माझ्या डाव्या मनगटाला लाल लोकरीचा धागा बांधला होता, आणि वर्गानं वर्षभर मला 'लोकर' म्हणून हाक मारली. बारावं वर्ष लागलं तेव्हा वडिलांनी मला घड्याळ आणलं. माझे वडील मासे कापायच्या कारखान्यात होते, दिवसाला चार वाक्यं बोलायचे, त्यातली दोन माशांबद्दल. त्यांनी माझा हात धरला, पट्टा घट्ट आवळला आणि म्हणाले, "हा. कायम हाच." बस. त्या दिवसापासून घड्याळाचा हात म्हणजे डावा. घड्याळ दिसावंसुद्धा लागत नाही, बाहीखाली त्याचं वजन पुरतं. पंचेचाळीस वर्षं झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदाच ती उघडायची वेळ आली होती, माझ्या लग्नात. भाड्याच्या कोटाची बाही अरुंद, म्हणून घड्याळ काढून खिशात ठेवलेलं. पाद्र्यानं अंगठीसाठी डावा हात पुढे करायला सांगितलं, मी केला, आणि फिलोमेना अंगठी घेऊन थबकली. मग ओठ न हलवता म्हणाली, "दुसरा." सगळे हसले. नवरा घाबरलाय म्हणाले. मीही हसलो. घाबरलेला नवरा असणं परवडतं.

कॉफी निवत होती आणि मी त्या कोपऱ्यावर उलटा हिशेब लावत होतो. सात आठवड्यांपूर्वीचा शनिवार. मी ओव्हनमधून खारवलेल्या कॉड माशाचं भांडं काढताना डावं मनगट वरच्या जाळीला लागलं. चांगलं दोन बोटं भाजलं. फिलो म्हणाली, "त्या घड्याळाचा पट्टा घासेल, फोड फुटेल." मी शहाण्यासारखं घड्याळ या हातातून त्या हातात घातलं. पहिला दिवस बजावलं स्वतःला, आर्मिंदो, उलटं आहे रे. दुसऱ्या दिवशीही बजावलं. तिसऱ्या दिवशी विसरलो, कारण आठवणीत ठेवायचे कष्ट वाचावेत म्हणूनच तर घड्याळ होतं. जखम भरली, डाग राहिला, घड्याळ तिकडेच राहिलं. आणि त्याच सोमवारी, भाजल्यानंतरच्या सोमवारी, मी मारितच्या उंदरांना पहिला डोस टोचला.

मारित होल्म मिनेसोटाची. एकतीस वर्षांची, साडेपाच वर्षं एकाच गोष्टीच्या मागे लागलेली. ती गोष्ट तिनं मला पहिल्याच आठवड्यात समजावली होती, ती अशी: प्रत्येक पेशीत एक राखणदार जीन असतो, पेशी बेफाम वाढायला लागली तर तिला आवरणारा. ती ज्या कॅन्सरवर काम करत होती त्यात तो मेलेला नसतो. "दिवा आहे, बल्ब चांगला आहे, वायर शाबूत आहे," मारित म्हणाली, "कुणीतरी बटण बंद करून ठेवलंय." तर तिनं आरएनएचा एक इवलासा तुकडा बनवला, बटण दाबणारं बोट म्हणा, आणि तो चरबीच्या इतक्या बारीक थेंबात भरला की केसाच्या जाडीत हजारभर थेंब शेजारी शेजारी मावतील. थेंब रक्तातून गाठीत जायचा, पेशीत शिरायचा, बोट बटण दाबणार. मी म्हटलं, "आणि नाही दाबलं तर?" मारित म्हणाली, "तर बाबांचं हार्डवेअरचं दुकान आहेच. खिळे कधी नापास होत नाहीत." मिनेसोटाची माणसं अशीच. घर जळालं तरी म्हणतील, जरा ऊब आली.

प्रयोगाची आमची रीत सांगतो. वीस उंदीर, दहांच्या डाव्या कानाला खाच, दहांच्या उजव्या. डाव्या कानवाल्यांना पिवळ्या झाकणाच्या कुपीतलं औषध, उजव्यांना निळ्या. एकात खरा आरएनए, दुसऱ्यात नुसते रिकामे थेंब, आणि कशात काय ते मला ठाऊक नाही, मारितला ठाऊक नाही, फक्त प्रोफेसरांच्या कपाटातल्या बंद लिफाफ्याला ठाऊक. माणूस लबाड असतो, आशा लावून बसला की डोळा एक मिलिमीटर कमी मोजतो, म्हणून ही आंधळी कोशिंबीर. टोचणार मी, गाठी मोजणार मारित. उंदीर पाठमोरा धरायचा, कान पाहायचा, नळीत सरकवायचा, शेपटीच्या शिरेत सुई. घड्याळाच्या बाजूचा कान तो डावा, त्याला पिवळं. तीन आठवडे, सहा डोस. या सगळ्या इमारतीत माझ्याइतकी हलकी सुई कुणाची नाही, हे मी नाही, लोक म्हणतात. माझ्या टेबलावर पितळी पाटी आहे: आर्मिंदो पाशेको, पंचवीस वर्षं, एकही चूक नाही. मे महिन्यात मी निवृत्त होणार, जेवण ठरलंय, फिलोनं नवा ड्रेस घेतलाय.

आणि लिफाफा गेल्या गुरुवारी फुटला. मीटिंगला आम्ही सगळे होतो. प्रोफेसर क्रोल डोक्यावर सायकलचं हेल्मेट तसंच ठेवून बसलेले, त्यांना कुणी आठवण करून देत नाही, ते गृहीतच आहे. उजव्या कानवाल्यांच्या गाठी मटाराएवढ्या उरल्या होत्या, काहींच्या तर सापडेनात. डाव्या कानवाल्यांच्या द्राक्षाएवढ्या. मी रोज पाहत होतो ना, उजवे कानवाले चाकावर असे धावायचे की बेअरिंग तापायचं. कुठला रंग खरा हे आम्हाला ठाऊक नव्हतं, पण दोन्हींपैकी एका रंगानं काम केलंय हे ठाऊक होतं, आणि मारितनं तर गुपचूप केक आणून फ्रिजमध्ये ठेवला होता. क्रोलनी कागद काढला, चष्मा लावला आणि म्हणाले, "पिवळं झाकण खरं औषध. निळं रिकामं." म्हणजे औषधवाले मरणाच्या वाटेवर आणि नुसती चरबी टोचलेले नाचतायत! क्रोलनी कागद पुन्हा वाचला. मग विचारायचं तेच त्यांनी विचारलं: "कुठे अदलाबदल तर नाही झाली?" मारितनं मान हलवली. "टोचलंय आर्मिंदोंनी," ती म्हणाली. आणि विषय संपला. कुणी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. क्रोल म्हणाले, "हं, मग नाही." मीसुद्धा मान डोलावली! चेहऱ्यावर बहुधा थोडा अभिमानही होता. देवा रे. त्या क्षणी माझ्या चांगल्या नावानं मारितचा गळा दाबला आणि मी शेजारी बसून केक खाल्ला. खाल्ला, खरंच, कारण फुकट जाऊ नये म्हणून तिनंच वाटला.

मग ठरलं ते असं की चरबीत काहीतरी गडबड असणार, या आरएनएत दम नाही, विषय बंद, पैसा दुसऱ्या कामाला. उंदीर शुक्रवारी दुपारी तीनला निकालात काढायचे. शुक्रवार म्हणजे हाच, नदीवाला. काढणारा कोण? हलक्या हाताचा.

मी लॅबच्या दारात आलो तरी आत जाईना. माणूस किती नीच असतो ते त्या दहा मिनिटांत मला कळलं. पहिला विचार आला, गप्प बस. मेपर्यंत चार महिने, जेवण, पाटी, ड्रेस. दुसरा विचार आला तो याहून लबाड: सांगून टाकू की झाकणंच उलटी बसली होती, कुपी भरणाऱ्यांकडून झालं असेल, सत्य तर बाहेर येईल ना, माझं नाव कशाला? आणि तिसरा विचार आला की समजा मी सगळं खरं सांगितलं तरी विश्वास कोण ठेवणार? लिफाफा फुटल्यावर, निकाल पडल्यावर, म्हातारा नोकर उठतो आणि म्हणतो, नाही हो, उलटं होतं, औषध चांगलंच आहे. क्रोल म्हणतील पोरीवर जीव आहे याचा, तिला वाचवायला खोटं बोलतोय. आणि जीव आहेच. आम्हाला मूलबाळ नाही, आणि ही पोरगी रोज दुपारी माझ्या डब्यातलं सॉसेज चोरते आणि म्हणते, "वाईट नाही." मिनेसोटात याचा अर्थ स्वर्ग.

मग आठवलं की एक उंदीर मेला होता. पहिल्या डोसच्या आदल्या दिवशी पिंजऱ्यातल्या दुसऱ्या उंदरानं चावून मारला. उजव्या कानवाला. म्हणजे डावे दहा, उजवे नऊ! दर वेळी कुपीत बरोबर दहा डोस यायचे, पिवळ्यात दहा, निळ्यात दहा. मी बरोबर टोचलं असेल तर पिवळी रिकामी, निळीत एक शिल्लक. चुकलं असेल तर निळी रिकामी, पिवळीत एक शिल्लक. दर वेळी एक उरायचा, उरणारच होता, म्हणून झाकणाचा रंग मी कधी पाहिला नाही. आणि वापरलेल्या कुप्या मी फेकत नाही. पेपर छापून येईपर्यंत काही फेकायचं नाही हा माझा नियम, लॅब त्यावर हसते, फिलो घरी त्यावर रडते. बारा कुप्या खालच्या फ्रीझरमध्ये बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होत्या.

जिना उतरताना मी प्रार्थना करत होतो आणि कशाची करतोय ते मलाच ठरवता येईना. चुकलो असू दे, म्हणजे औषध चांगलं. चुकलो नसू दे, म्हणजे मी चांगला. दोन्ही एकदम देणारा देव आमच्या चर्चमध्ये तरी नाही. डबा बाहेर काढला, झाकणावरचं बर्फ बाहीनं पुसलं. पहिली पिवळी कुपी उजेडात धरली. तळाशी एका डोसाएवढा पांढरा बर्फाचा खडा. पहिली निळी: कोरडी. दुसरी पिवळी: खडा. दुसरी निळी: कोरडी. सहाच्या सहा. मी जमिनीवर बसलो आणि मोठ्यानं हसलो, हो, हसलोच. सव्वीस वर्षांत मी किती औषधं टोचली, देवाला ठाऊक. एकही लागू पडलं नव्हतं. जे लागू पडलं ते मी चुकीच्या कानाला दिलं.

मी डबा मांडीवर घेऊन वाट पाहत बसलो; मारित साडेबाराला आली आणि वर खोकी भरायला लागली. एका खोक्यावर तिनं लिहिलं होतं 'पुस्तकं', दुसऱ्यावर 'नको असलेली पुस्तकं'. मी डबा तिच्यापुढे ठेवला.

"बिस्किटं? आत्ता?" ती म्हणाली.

"उघड. आणि मोज. मी काही बोलणार नाही, तू मोज."

तिनं मोजलं. मला वाटलं होतं समजवावं लागेल, पण साडेपाच वर्षं घालवलेल्या माणसाला समजवावं लागत नाही. तिसऱ्या कुपीपाशी तिचे ओठ हलायचे थांबले. सहावी ठेवली आणि तिनं मला विचारलं, "कसं?" आणि मी सांगितलं. लोकर, घड्याळ, कॉड, सगळं. पंचेचाळीस वर्षांचं झाकलेलं दोन मिनिटांत उघडं झालं, इतकंसंच निघालं ते. सांगताना मी जमिनीकडे पाहत होतो. शेवटी म्हणालो, "तुझं वाटोळं मी केलं. वर केकही खाल्ला."

मारित खोक्यावर बसली. खोकं तिच्या वजनानं खचलं, नको असलेली पुस्तकं. ती म्हणाली, "म्हणजे बटण दाबलं गेलंय."

"नऊ उंदरांत."

"वाईट नाही," ती म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली. मग माझ्या खांद्यावर एक गुद्दा घातला, चांगला लागला, आणि परत रडली. "एक वाजत आलाय," ती नाक पुसत म्हणाली, "चला, तीनच्या आत क्रोलला गाठू. आणि आर्मिंदो, तुम्हीच सांगायचं. मी सांगितलं तर मी रचलंय म्हणतील."

क्रोल हेल्मेट घालून सॅलड खात होते. त्यांनी ऐकलं, कुप्या पाहिल्या, दिव्यापाशी नेऊन पुन्हा पाहिल्या. मी पितळी पाटी बरोबर आणली होती, ती टेबलावर ठेवली. नाटक वाटेल, पण मला दुसरं काही सुचलं नाही. क्रोलनी ती उचलली, वाचली.

"मी या लॅबमध्ये प्रत्येक आकड्यावर शंका घेतो," ते म्हणाले. "माझ्या स्वतःच्यावर सगळ्यात जास्त. लिफाफा बंद ठेवतो, मोजणाऱ्याला आंधळं करतो. आणि तुझ्यावर शंका घ्यायची मला लाज वाटली, अरे. हा मूर्खपणा कुणाचा?"

"माझाच, डॉक्टर."

"निम्मा. हावरटपणा करू नकोस." मग मारितकडे वळून म्हणाले, "हे निकाल मात्र गेले. उलटे करून छापता येणार नाहीत, लिफाफा फुटल्यावर उलटं केलेलं सगळंच गोड दिसतं. पुन्हा करायचं. नवे उंदीर, नवा लिफाफा. पैशाचं मी बघतो. टोचणार आर्मिंदोच, त्याच्यासारखी सुई मला कुठे मिळणार? पण शेजारी एक माणूस उभा राहील आणि प्रत्येक कान मोठ्यानं म्हणेल. यापुढे सगळ्यांच्याच शेजारी. माझ्यासुद्धा." मी विचारलं, त्या नऊ जणांचं काय, तीनला काढायचेत. "त्यांना धावू दे," क्रोल म्हणाले, "बघू तरी बटण किती दिवस चालू राहतं." आणि मला पाटी परत दिली. मी म्हटलं नको. ते म्हणाले, "ठेव रे. फक्त 'एकही चूक नाही' खोडून 'एकच चूक' कर."

पाचला फिलो गाडी घेऊन आली. ती दातांच्या दवाखान्यात काउंटरवर असते, शुक्रवारी लवकर सुटते, आणि मला पाहताच सरकून बाजूच्या सीटवर जाते, कारण शहरात गाडी चालवणं तिला आवडत नाही. मी गाडी सुरू केली. लॅबमध्ये सांगणं सोपं होतं, तिथे निदान पुरावा होता. इथे एकतीस वर्षं हिच्यासमोर मी बिनचूक नवरा. "फिलो," मी म्हटलं, "मला एक सांगायचंय."

"आधी माझ्याकडे वळ. हा सिग्नल चुकेल."

मी तिच्याकडे वळलो. "मे महिन्याच्या जेवणात लोक हसतील बहुतेक."

"हसू देत. ड्रेस परत घेत नाहीत ते. आता तुझ्याकडे."

मी माझ्याकडे वळलो. आणि गाडी पूर्ण वळायच्या आत, स्टिअरिंगवर हात तसेच, माझ्या डोक्यात ते लख्ख झालं. एकतीस वर्षं ही बाई मला रस्ते सांगतेय. माझ्याकडे वळ, तुझ्याकडे वळ. मला वाटायचं ही तिच्या घरची बोलायची पद्धत. तिच्या बहिणीला, तिच्या आईला, कुणालाही रस्ता सांगताना ती डावं-उजवंच म्हणते, हे मी शेकडो वेळा ऐकलंय. मी गाडी कडेला घेतली.

"तुला ठाऊक आहे," मी म्हटलं.

"काय?"

"माझं. डावं-उजवं."

फिलोनं पर्समधून चघळायची गोळी काढली, कागद सोडवला. "भर चर्चमध्ये नवरा उजवा हात पुढे करतो," ती म्हणाली, "मी काय आंधळी आहे?"

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तू इतका जिवापाड लपवत होतास, मला वाटलं तुझं तेवढं एक तरी असू दे." मग तिनं सगळं ऐकलं, कॉडपासून क्रोलपर्यंत, आणि मधेच ओरडली, "अरे देवा! मी म्हटलं होतं पट्टा घासेल, काढून ठेव म्हणून. दुसऱ्या हातात घाल कोण म्हणालं होतं?" आणि मारित रडली ते सांगितलं तेव्हा तिनं तोंड खिडकीकडे केलं. "रविवारी जेवायला बोलाव तिला. कॉड नको."

बाहेर लोक घरी चालले होते. तिनं माझं उजवं मनगट धरलं, घड्याळाचा पट्टा सोडवला. पट्ट्याखाली सात आठवड्यांत पांढरा पट्टा उमटला होता. वडिलांचं घड्याळ तिच्या तळहातावर टिकटिकत होतं.

"हात दे," ती म्हणाली.

मी हात पुढे केला.

"दुसरा," फिलो म्हणाली.